चालताना आपण एकाच पायावर असतो

संक्रांतीच्या दिवसांत सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंचं सोलापूर मान वर करून काठ्यांच्या शेंड्यांकडं बघत असतं. मी पेलणाऱ्याच्या कमरेकडं बघतो. फिजिओथेरपीच्या धंद्याची खोड, दुसरं काय. बाराबंदीतला तो माणूस उंच, जड काठी अंगावर तोलत चाललेला असतो. काठी जरा कलली की हातांनी खेचून तिला सरळ करण्याच्या भानगडीत तो फारसा पडत नाही. कंबर आणि पाय तिच्या खाली सरकवतो. शेंडा आभाळात डुलतो, पण सगळा हिशोब खाली कमरेत चाललेला असतो. यात्रेच्या आधी त्याचा सराव चालतो, तो उगीच नाही.

आपलं धड ही अशीच एक काठी. ती आपण जन्मभर पेलतो आणि तिचा सगळा सराव वर्षा-दीड वर्षाच्या वयात, पडत-धडपडत, उरकून टाकलेला असतो. पुढं चाळीस-पन्नास वर्षं तिकडं कुणी बघत नाही. मग एक दिवस गुडघा दुखायला लागतो.

मागच्या वर्षी पूर्व भागातल्या एक अक्का अशाच आल्या, उजवा गुडघा धरून. लहानपणापासून विड्या वळतात. गुडघ्याला तेल लावून झालं होतं, पट्टा बांधून झाला होता, एक्स-रेही काढून झाला होता. एक्स-रेत वयाच्या मानानं व्हावी तेवढीच झीज. दारापासून माझ्या टेबलापर्यंत आठ-दहा पावलं असतील. तेवढ्यात मला दिसलं की उजवं पाऊल टेकलं की त्यांचं सगळं अंग उजवीकडं झुकतंय. म्हटलं, "अक्का, गुडघा जरा बाजूला ठेवा. भिंतीला दोन बोटं टेकवा आणि नुसत्या उजव्या पायावर उभ्या राहा." दहा सेकंदही झाले नसतील, त्यांच्या कमरेची डावी बाजू हळूच खाली घसरली.

"दुखतोय गुडघा, आणि तुम्ही कमरेकडं काय बघताय डॉक्टर?"

त्या दिवशी त्यांना थोडक्यात सांगितलं होतं. इथं जरा पसरून सांगतो.

आधी हात कमरेवर ठेवा, पंढरपूरचा विठोबा ठेवतो तसे. अंगठे मागं, बोटं पुढं. हाताखाली जी हाडाची कड लागते ती कटीच्या हाडाची वरची धार. अशी दोन हाडं, डावं आणि उजवं, पुढं जांघेच्या मधोमध एकमेकांना जोडलेली. मागं त्या दोघांच्या मध्ये पाचरीसारखं बसलेलं त्रिकास्थी, म्हणजे पाच मणके जुळून झालेलं एकच हाड. हे सगळं मिळून एक बूड नसलेली परात तयार होते. वर पाठीचा कणा तिच्यावर उभा, खाली दोन मांड्या तिच्यात अडकवलेल्या. मांडीच्या हाडाचा गोळा परातीच्या बाजूच्या वाटीत बसतो, तो खुब्याचा सांधा, उखळीचा सांधा. म्हणजे ही परात दोन गोळ्यांवर ठेवलेली आहे. गोळ्यांवर ठेवलेली परात पुढं, मागं, डावीकडं, उजवीकडं, कुठंही कलू शकते. ती कुठं कलू द्यायची आणि किती, हे तिच्याभोवतीचे स्नायू ठरवतात.

दोन्ही पायांवर उभं असताना हे काम फारसं जड नसतं. शरीराचं वजन खुब्याच्या किंचित मागून खाली जातं आणि सांध्याच्या पुढच्या बाजूला एक जाडजूड बंध आहे, शरीरातल्या सगळ्यात मजबूत बंधांपैकी एक. त्याच्यावर रेलून आपण उभे असतो. स्नायू जवळजवळ सुट्टीवर. म्हणून रेशनच्या रांगेत माणूस तासभर उभा राहू शकतो, कुरकुरत का होईना.

चालणं मात्र वेगळं. चालताना एक पाऊल जमिनीवर असण्याचा काळ साधारण ६० टक्के आणि हवेत असण्याचा ४० टक्के. एका पायाचं पाऊल हवेत असतं तेव्हा सगळा भार दुसऱ्यावर. म्हणजे दोन्ही पायांचं मिळून चालण्याच्या वेळेतला सुमारे ८० टक्के काळ आपण एकाच पायावर उभे असतो. दोन्ही पाय जमिनीला लागलेले फक्त अधूनमधून, भार इकडून तिकडं सोपवताना. आपण म्हणतो 'दोन पायांवर चालतो', पण चालणं म्हणजे आलटून पालटून एका पायावर तोल धरणं. आळंदीहून पंढरपूरला सुमारे २५० किलोमीटर चालत जाणारा वारकरी, पाऊल दोन फुटांचं धरलं तर, चार लाखांच्या वर पावलं टाकतो. प्रत्येक खुब्यावर दोन लाख वेळा एकट्यानं सगळं अंग पेलण्याची पाळी येते.

आता त्या एका पायाच्या क्षणी काय होतं ते बघू, कारण सगळी गंमत तिथं आहे.

उजव्या पायावर उभे आहात. परातीला आधार फक्त उजव्या गोळ्याचा. धड, डोकं, हात आणि हवेतला डावा पाय हे सगळं त्या गोळ्याच्या डाव्या बाजूला लोंबतंय. साहजिकच परात डावीकडं खाली जायला बघणार. तिला वर धरायचं तर गोळ्याच्या उजव्या बाजूनं कुणीतरी खाली खेचायला हवं. हे काम करतो ग्लुटियस मीडियस नावाचा स्नायू, आणि त्याच्या खाली दडलेला त्याचा धाकटा भाऊ ग्लुटियस मिनिमस. कटीच्या हाडाच्या बाहेरच्या अंगावरून पंख्यासारखे पसरत येतात आणि मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यावर चिकटतात. तो उंचवटा म्हणजे पँटच्या बाजूच्या खिशाच्या थोडं खाली, कुशीवर झोपल्यावर गादीत रुततो तो.

बागेतला सी-सॉ आठवा. मधला टेकू म्हणजे गोळा. एका टोकाला वजन, दुसऱ्या टोकाला स्नायू. पण हा सी-सॉ अन्यायाचा आहे. वजनाची बाजू लांब आणि स्नायूची आखूड. स्नायूच्या वाट्याला टेकूपासून साधारण ५ सेंटीमीटर येतात, वजनाच्या वाट्याला १० किंवा जास्तच. माणूस ६० किलोचा धरला, तर टेकलेल्या पायाचं वजन सोडून वर उरतात सुमारे ५० किलो. दुप्पट लांबीवरचे ५० किलो तोलायचे तर स्नायूला १०० किलोचा जोर लावावा लागतो. आणि गोळ्यावर दोन्ही पडतात: वजनाचे ५० आणि स्नायूच्या खेचण्याचे १००. दीडशे किलो. स्वतःच्या वजनाच्या अडीच पट, आणि हे नुसतं शांतपणे एका पायावर उभं राहताना किंवा चालताना. खुबा झिजतो याचं आश्चर्य वाटायला नको. तो इतकी वर्षं टिकतो याचं वाटावं.

हा बाजूचा स्नायू अशक्त झाला, दुखरा झाला, किंवा त्याची नस निकामी झाली, तर परात सुटते. ज्या पायावर उभे आहोत त्याच्या उलट बाजूची कंबर खाली जाते. फ्रीडरिश ट्रेंडेलेनबर्ग नावाच्या जर्मन शल्यविशारदानं जन्मतः खुबा निखळलेल्या मुलांची डुलती चाल बघून १८९५ साली हे मांडलं. क्ष-किरणांचा शोध लागला तोही त्याच वर्षी. आत काय चाललंय ते बघायची सोय नसताना नुसती चाल बघून आणि पेशंटला एका पायावर उभं करून त्यानं हे ओळखलं. आजही ही चाचणी त्याच्याच नावानं होते, खर्च शून्य. लक्षात एवढंच ठेवायचं की खाली जाते ती बाजू नव्हे, तर टेकलेल्या पायाची बाजू दोषी असते. इथं नवशिके हमखास फसतात. मीही फसलेलो आहे.

शरीर मात्र हुशार. परात पडायला लागली की ते धडच टेकलेल्या पायाच्या बाजूला झुकवतं. वजन टेकूच्या जवळ आलं की सी-सॉची लांब बाजू आखूड होते आणि स्नायूचं काम हलकं. नंदीध्वजवाला स्वतः काठीखाली सरकतो; लंगडणारा माणूस काठीच खुब्यावर आणून ठेवतो. अक्कांचं उजवीकडं झुकणं म्हणजे ही युक्ती होती, कुणी न शिकवता आलेली. लोक याला 'फेंगडं चालणं', 'बदकासारखं डुलणं' म्हणून हसतात. पण युक्तीची किंमत द्यावी लागतेच. कंबर दिवसभर डावी-उजवी वाकत राहते, आणि खुबा नीट धरलेला नसला की मांडी आतल्या बाजूला वळते, गुडघा आत ढळतो. दुखणं मग गुडघ्याच्या नावावर लागतं. सगळ्याच गुडघेदुख्या खुब्यातून येतात असं मी अजिबात म्हणत नाही. पण गुडघ्याची तपासणी खुबा न बघता संपवू नये, एवढं नक्की.

याच सी-सॉमधून काठीचं कोडंही सुटतं. उजवा खुबा दुखत असेल तर काठी कुठल्या हातात धरायची? शंभरातले नव्वद लोक उजव्या हातात धरतात. धरायची डाव्या हातात. कारण डावा हात टेकूपासून दूर, लोंबणाऱ्या वजनाच्याही पलीकडं असतो. त्या लांबवरून काठीवर नुसता ५ किलोचा भार दिला तरी स्नायूचं काम चाळीसेक किलोनं कमी होतं. भाजीची पिशवी मात्र याच्या उलट, दुखऱ्या खुब्याच्याच हातात. मंडईतून येताना करून बघा, पाचव्या पावलाला फरक कळतो.

आता ज्याच्याबद्दल मोबाइलवर सगळ्यात जास्त बोललं जातं त्याच्याकडं येऊ. सोअस. व्हॉट्सअॅपवर कुणी त्याला 'आत्म्याचा स्नायू' करून टाकलाय, कुणी म्हणतं सगळी भीती आणि दुःखं त्यात साठतात. पेशंट येतात ते निदान हातात घेऊनच: "सर, माझा सोअस टाइट आहे." हा स्नायू भारी आहे यात शंका नाही. छातीच्या शेवटच्या मणक्यापासून कमरेच्या पाचव्या मणक्यापर्यंत दोन्ही बाजूंनी उगम, तिथून पोटाच्या मागून, परातीच्या काठावरून खाली, जांघेतून मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूच्या छोट्या उंचवट्यावर. वाटेत परातीच्या आतल्या भिंतीवरून येणारा इलियाकस त्याला मिळतो आणि दोघं एकाच दोरानं चिकटतात. मटणाच्या दुकानात मणक्यांच्या आतल्या बाजूनं निघणारी ती लांबट, लुसलुशीत पट्टी पाहिलीय? तीच. बोकड कमरेनं फार काम करत नाही म्हणून मऊ राहते.

माणसात त्याचं काम मोठं. मागं राहिलेला पाय पुढं आणणं. चालताना मागच्या पायाचा खुबा सरळ रेषेच्या मागं १० ते १५ अंश जातो, सोअस ताणला जातो, आणि सुटलेल्या झोपाळ्यासारखा पाय पुढं येतो. ती सुरुवातीची ढकल याची. पायरी चढताना, दुचाकीवर टांग मारताना, अंथरुणातून उठताना हाच.

आता समजा खुबा मागं जायलाच तयार नाही. दिवसभर खुर्चीत, किंवा विड्यांचं सूप मांडीवर घेऊन, खुबा दुमडलेलाच. स्नायू तेवढ्याच लांबीची सवय करून घेतो. मग चालताना मागचा पाय पुरेसा मागं जात नाही, आणि दोन वाटा उरतात: पाऊल आखूड करा, नाहीतर परातच पुढं कलवा म्हणजे पाय मागं गेल्यासारखा दिसेल. वयस्कर माणसांची पावलं आखूड होतात त्यात याचा हात असतो. आणि परात पुढं कलली की वरचा कणा मागं वाकून तोल साधतो, कमरेचा खळगा खोल होतो, पोट पुढं येतं. घरी तपासायचं तर पलंगाच्या कडेला बूड टेकवून उताणं पडा, एक गुडघा दोन्ही हातांनी छातीशी धरा, दुसरा पाय सैल सोडा. सैल सोडलेली मांडी पलंगाच्या पातळीवर टेकायला हवी. अधांतरी राहिली तर पुढचे स्नायू आखडलेत.

पण इथं मला थोडं थांबवायचं आहे, कारण याच्यावर मोठा बाजार उभा राहिलाय. परात पुढं कललेली दिसली की 'पोस्चर बिघडलं' म्हणून घाबरवायचं आणि पट्टे विकायचे. खरं असं की बहुतेक धडधाकट माणसांची परात थोडी पुढं कललेलीच असते. तो दोष नव्हे, ठेवण आहे. आणि नुसत्या उभं राहण्याच्या ढबीवरून कुणाची पाठ दुखेल हे सांगता येत नाही. मी अगदी सरळ ताठ उभे राहणारे, पाठदुखीनं बेजार लोक पाहिलेत. आणि यंत्रमागावर आयुष्य घालवलेले, कमरेत खोल खळगा असलेले आजोबा, ज्यांनी कधी बाम लावला नाही. त्रास असतो तो एकाच ढबीत अडकून राहण्याचा. 'कंबर सरकली', 'हाड बसवून घ्या' हेही तसंच. त्रिकास्थी आणि कटीच्या हाडामधला सांधा जेमतेम दोन-तीन मिलिमीटर हलतो. तो चालता-चालता निसटून पडत नाही, आणि कुणाच्या एका झटक्यानं परत 'बसत'ही नाही. झटक्यानंतर बरं वाटतं ते खरं असतं. कारण मात्र हाड बसणं हे नसतं.

सोअसची एक गोष्ट आपल्याकडं विसरता येत नाही. मणक्याचा क्षयरोग झाला तर पू या स्नायूच्या आवरणातून खाली घरंगळत जांघेत गाठ होऊन दिसू शकतो. माणूस खुबा दुमडून पडून राहतो, पाय सरळ केला तर ओरडतो. महिनोन्‌महिने पाठ दुखतेय, संध्याकाळी कणकण येते, वजन उतरतंय, असं असेल तर मालीश नको, दवाखाना.

प्रसिद्धी सोअसला, पण सगळ्यात आत, कुल्ल्याच्या मोठ्या स्नायूच्या खाली, सहा छोटे स्नायू आडवे बसलेत, त्यांचं नाव कुणी घेत नाही. अपवाद एक, पिरिफॉर्मिस. त्यालाही प्रसिद्धी बदनामीतूनच मिळाली. बाकीचे ऑब्ट्युरेटर इंटर्नस, ऑब्ट्युरेटर एक्स्टर्नस, दोन जेमेलस आणि चौकोनी क्वाड्रेटस फेमोरिस. पाय बाहेर फिरवणं हे त्यांचं पुस्तकी काम. खरं काम म्हणजे गोळा वाटीत दाबून धरणं. मोठे स्नायू जोर लावतात तेव्हा गोळा वाटीत इकडं-तिकडं सरकू नये म्हणून हे त्याला आवळून बसतात. त्यातला ऑब्ट्युरेटर इंटर्नस मला फार आवडतो: परातीच्या आतल्या भिंतीवरून निघतो, हाडाच्या खाचेवरून विहिरीच्या चाकावरच्या दोरासारखा काटकोनात वळतो आणि बाहेर येऊन मांडीला चिकटतो. त्याच्याच आवरणावर ओटीपोटाचं तळ सांभाळणाऱ्या स्नायूंची एक कड शिवलेली असते. म्हणून बाळंतपणानंतर खोकताना लघवी निसटणाऱ्या बाईला व्यायाम सांगताना फक्त 'आत आवळा' म्हणून भागत नाही, खुब्याकडंही बघावं लागतं.

पिरिफॉर्मिसवरचा आरोप असा की तो सायटिकाची नस दाबतो. नस बहुतेकांत त्याच्या खालून बाहेर पडते, काहींत तिचा एक फाटा त्याच्यातूनच जातो. दाबली जाऊ शकते, जातेही. पण पायात मुंग्या आणि कळ येणाऱ्यांत जास्त वेळा गुन्हेगार कमरेच्या मणक्यांमधली गादी असते. कुल्ल्यात टेनिसचा चेंडू ठेवून लोळण्याआधी हे तपासून घ्यावं. मागच्या खिशात जाड पाकीट घेऊन दिवसभर रिक्षा चालवणाऱ्यांना मात्र मी पाकीट आधी पुढच्या खिशात ठेवायला सांगतो, बाकीचं नंतर.

जमिनीवर मांडी घालून बसणं वाईट का, हा प्रश्न सोलापुरात रोज येतो. विड्या वळणाऱ्या, शिलाई-काजाबटण करणाऱ्या, सगळ्यांचं काम मांडीवरचं. मांडीच्या पुढून तिरका उतरणारा, शरीरातला सगळ्यात लांब स्नायू आहे. त्याचं लॅटिन नाव सार्टोरियस 'शिंपी' या शब्दावरून पडलं, शिंप्याच्या मांडी घालून बसण्यावरून. म्हणजे ही बैठक युरोपालाही परकी नव्हती. मांडी घालता येणं ही खुब्याची श्रीमंती आहे, खुबा तिच्यात तिन्ही दिशांना मोकळा होतो. अडचण एवढीच की जमिनीवर सपाट बसलं की परात मागं लुढकते आणि कमरेला पोक येतं. बुडाखाली चार बोटं उंच पाट किंवा घडी घातलेली चादर घेतली (सोलापुरात चादरीला काय तोटा!) की गुडघे खुब्याच्या खाली जातात आणि परात आपोआप उभी राहते. आणि तासन्‌तास तीच मांडी, तोच पाय वर, हे नको.

उभं राहण्याचंही असंच. विठोबाला समचरण म्हणतात, दोन्ही पावलं सारखी. बासरीवाला कृष्ण तीन ठिकाणी मोडलेला, एका पायावर भार, कंबर बाहेर काढून. बसस्टॉपवर आपण सगळे कृष्ण असतो. थोडा वेळ ठीक. पण चाळिशीनंतरच्या बायकांत खुब्याच्या बाहेरच्या बाजूला, त्या उंचवट्यावर, एक चिवट दुखणं फार दिसतं: त्या कुशीवर झोपता येत नाही, जिना चढताना कळ येते, खुर्चीतून उठल्यावर पहिली चार पावलं अवघड. पूर्वी याला तिथल्या पाण्याच्या पिशवीची सूज म्हणत. बहुतेकांत दुखतो तो ग्लुटियस मीडियसचा आणि मिनिमसचा हाडाला चिकटणारा दोर. कंबर बाहेर काढून उभं राहिलं, किंवा पायावर पाय टाकून बसलं, की तो दोर हाडावर दाबला जातो. म्हणून अशा वेळी ताण देणारे व्यायाम उलट नुकसान करतात. पाय आडवा ओढून धरण्याचे व्हिडिओ बघून दुखणं वाढवून आलेले बरेच जण भेटतात. यांना हवा असतो भार, हळूहळू वाढवलेला. आणि रात्री दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी.

व्यायाम फार नाहीत. ओट्याला एक बोट टेकवून एका पायावर उभं राहायचं, दूध उतू जायची वाट बघताना. कमरेच्या दोन्ही बाजू एका पातळीत, धड सरळ. अर्ध्या मिनिटापर्यंत जमायला हवं. कुशीवर पडून वरचा पाय उचलायचा, पण टाच किंचित मागं आणि चवडा समोर, नाहीतर सगळं काम पुढचे स्नायू चोरतात. दाराच्या पायरीवर एक पाय, दुसरा अधांतरी: अधांतरी बाजूची कंबर थोडी खाली सोडायची, परत वर आणायची. हा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कामाचा. उताणं पडून गुडघे वर घेऊन बूड उचलायचं. सोअससाठी एक गुडघा जमिनीवर टेकवून, त्याच बाजूचा कुल्ला आवळून, अंग किंचित पुढं. आवळणं राहिलं तर नुसती कंबर वाकते आणि माणसाला वाटतं ताण बसला. आठवड्यातून तीन-चार दिवस, आणि फरक दिसायला दीड-दोन महिने. आठ दिवसांत स्नायू बळकट करून देतो म्हणणाऱ्याकडं जाऊ नका.

काही गोष्टींत व्यायामाच्या आधी डॉक्टर. पडल्यावर जांघेत कळ येऊन पाय टेकवत नसेल. लहान मूल लंगडतंय आणि पडल्याचं कुणाला आठवत नाही. बरेच दिवस स्टिरॉइड घेतलेली आहेत किंवा दारू जास्त आहे आणि जांघ दुखायला लागलीय, कारण तिथं गोळ्याचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. बसण्याच्या जागेचा भाग बधिर झालाय, लघवी अडलीय. मग तर त्याच दिवशी.

अक्कांना पहिल्या आठवड्यात काठी डाव्या हातात दिली, ती त्यांनी दारातून बाहेर पडताच उजव्या हातात घेतली. पुढच्या वेळी सून बरोबर आली, मग जमलं. पायरीवरचा व्यायाम त्यांना आवडला नाही, ओट्यापाशी उभं राहणं आवडलं. सातव्या आठवड्याला परत भिंतीपाशी उभं केलं. अठरा सेकंद कंबर जागेवर राहिली, मग घसरली. गुडघ्याला त्या म्हणाल्या, "हाय थोडं." डुलणं बरंच कमी झालेलं.

विड्या वळणं सोडा, असं मी त्यांना म्हटलं नाही. म्हणण्याचा मला अधिकारही नाही. पाट घ्या, मांडी बदला, आणि शंभर विड्या झाल्या की उठून घरातल्या घरात एक फेरी मारा, एवढंच सांगितलं. "शंभर मोजत बसावं लागेल म्हणून कंटाळू नका," म्हटलं.

अक्का हसल्या. "मोजायला कशाला पायजे डॉक्टर? शंभर झाल्या की बोटांना कळतंय."